आवारापुरता ट्रॅक्टर

भारतातल्या ट्रॅक्टरचा इतिहास लिहायचा तर कांदिवली पूर्वेच्या आकुर्ली रोडला त्यात जागा द्यावीच लागेल. १९६३ साली महिंद्रा, अमेरिकेतली इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली. कांदिवलीत कारखाना उभा राहिला आणि बी-२७५ हा ३५ हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर इथून देशभर जाऊ लागला. १९७७ मध्ये ही कंपनी महिंद्रा अँड महिंद्रामध्ये विलीन झाली. २००३ मध्ये महिंद्राच्या याच शेतीयंत्र विभागाला जपानचं डेमिंग पारितोषिक मिळालं. ते मिळवणारी जगातली ही पहिलीच ट्रॅक्टर कंपनी. पंजाबातला गहू आणि विदर्भातला कापूस ज्या यंत्रांवर उभा राहिला, त्यातली बरीचशी यंत्रं बोरिवली लोकलच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर जन्मली.

आता याच कांदिवलीतल्या, बोरिवलीतल्या किंवा मुलुंडमधल्या एखाद्या संस्थेला आवार सांभाळायला ट्रॅक्टर घ्यायचा आहे असं समजा. शाळा असेल, आश्रम असेल, कर्मचाऱ्यांची जुनी वसाहत असेल. बैठकीत पहिला प्रश्न निघतो, ‘किती एचपीचा?’ दुसरा, ‘कोणत्या कंपनीचा?’ माझ्या मते हे दोन्ही प्रश्न शेवटचे आहेत. आधी काम ठरतं, कामावरून अवजार ठरतं, अवजारावरून ताकद ठरते आणि फाटक, चढ आणि स्लॅब मिळून उरलेलं सगळं ठरवतात. हा क्रम उलटा केला, की शेतासाठी बनलेला धिप्पाड ट्रॅक्टर येतो आणि वर्षभर ताडपत्रीखाली झाकून राहतो.

उपनगरात एवढी जमीन कुणाकडे आहे, असं वाटू शकतं. पवईत विहार आणि पवई या दोन तलावांच्या मध्ये पसरलेलं आयआयटीचं आवार पाचशे एकरांहून मोठं आहे. गोरेगावची आरे दुग्धवसाहत दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने १९४९ मध्ये वसवली गेली, तेव्हा तिला सुमारे १,३०० हेक्टर जागा मिळाली होती. चेंबूरचं प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबचं मैदान १९२७ पासून आहे. ही झाली मोठी नावं. तीन ते दहा एकरांची आवारं मात्र अंधेरीपासून मुलुंडपर्यंत पुष्कळ आहेत आणि खरी अडचण त्यांचीच असते. एवढी जागा माळ्याच्या हाताला जास्त होते आणि मोठ्या ट्रॅक्टरला कमी पडते. शिवाय घाटकोपर-मुलुंडकरांची कर्जत, शहापूर, वाड्याकडची फार्महाऊसं आहेतच. त्यांचा प्रश्न थोडा वेगळा, पण हिशेब तोच.

या हिशेबाची सुरुवात कॅलेंडरापासून करावी. मे महिन्यात गटारांतला आणि नाल्यांतला गाळ काढून वाहून न्यायचा असतो. जून-जुलैत पाणी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्यानंतर तळघरातलं पाणी उपसण्याची सोय हा चैनीचा विषय राहिला नाही. इंजिनची ताकद अवजाराला देणाऱ्या ट्रॅक्टरमागच्या फिरत्या दांड्यावर, म्हणजे पीटीओ शाफ्टवर, पंप चालतो आणि वीज गेली तरी तो थांबत नाही, ही या यंत्राची फारशी लक्षात न येणारी बाजू. ऑगस्टपासून गवत कमरेला लागतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात ते कापलं नाही, तर जानेवारीनंतर त्याचंच वाळलेलं जळण होतं. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात वनखातं वणवा अडवायला जाळरेषा राखतं. उद्यानाच्या हद्दीला लागून असलेल्या बोरिवली-मुलुंडच्या आवारांनाही आपल्या भिंतीच्या आतला पट्टा मोकळा ठेवावा लागतो. त्यात बिबट्याचाही हिशेब येतो, कारण वस्तीलगतचं उंच गवत त्याला आडोसा देतं. डिसेंबर ते मार्च पालापाचोळा आणि नारळाच्या झावळ्या. एप्रिलपासून झाडांना टँकरने पाणी.

या यादीत नांगर कुठेच नाही, हे लक्षात घ्या. भारतात विकला जाणारा जवळजवळ प्रत्येक ट्रॅक्टर नांगर, वखर, रोटाव्हेटर डोळ्यांपुढे ठेवून बनवलेला असतो. आवाराच्या कामात ओढण्याच्या ताकदीपेक्षा पीटीओची ताकद, अवजार उचलणाऱ्या मागच्या दांड्यांची म्हणजे लिंकेजची उचल आणि वळण्याची सोय जास्त कामाला येते.

गवताचं गणित करून पाहू. ट्रॅक्टरमागे लावायचं गवत कापण्याचं अवजार म्हणजे स्लॅशर. पोलादी छत्रीखाली आडवी फिरणारी पाती. जाड, वाढलेल्या गवतासाठी ढोबळ नियम असा, की स्लॅशरच्या रुंदीच्या प्रत्येक फुटाला पीटीओवर सुमारे पाच हॉर्सपॉवर हवी. चार फुटी स्लॅशरला वीस. इंजिनची सगळी ताकद पीटीओपर्यंत पोहोचत नाही, साधारण ८५ टक्के पोहोचते. म्हणजे इंजिन हवं सुमारे २४ हॉर्सपॉवरचं. पंधरा हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरला याच हिशेबाने अडीच फुटी स्लॅशर झेपेल. लॉनसारखं बुटकं गवत असेल तर त्याहून रुंद चालेल, पण सप्टेंबरातल्या मुंबईच्या गवताला कुणी लॉन म्हणणार नाही.

आता वेळ. चार फुटी स्लॅशर, ताशी तीन किलोमीटरचा वेग, पट्ट्यावर पट्टा थोडा चढलेला, वळणात गेलेला वेळ धरला तर तासाला अडीच हजार चौरस मीटर होतात. एकराचे चार हजार सत्तेचाळीस चौरस मीटर, म्हणजे एकराला दीड तासाच्या वर. पाच एकर मोकळं गवत एका दिवसात संपतं. हंगामात चार वेळा कापलं, तर वर्षाचे तीस-बत्तीस तास झाले. फक्त गवतासाठी ट्रॅक्टर विकत घेणाऱ्याने हा आकडा कागदावर लिहून समोर ठेवावा. पाच लाखांचं यंत्र दहा वर्षं धरलं आणि वर्षाला तीस तासच चाललं, तर डिझेल आणि चालकाचा पगार सोडून नुसत्या भांडवलाचेच तासाला सोळाशेहून जास्त रुपये पडतात. तेच यंत्र ट्रॉली, टँकर, पंप आणि पाला कुटण्याच्या यंत्रावर वर्षाला तीनशे तास चाललं, तर एकशे सदुसष्ट. तीस आणि तीनशे या दोन आकड्यांमध्ये आपण कुठे बसतो, यावर घ्यायचा की भाड्याने आणायचा हे ठरतं. शंभर तासांच्या आतल्या आवारांना मी तरी खांद्यावरचे दोन चांगले ब्रश कटर आणि गरजेपुरती भाड्याची ट्रॉली एवढंच सुचवेन. कोकणातल्या भातखाचरांत चालतो तो पॉवर टिलरही काही ठिकाणी पुरतो, पण त्याच्यामागे दिवसभर चालणाऱ्या माणसाला एकदा विचारून मग ठरवावं.

पाला कुटण्याचं काम आता सक्तीसारखं झालं आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनुसार दिवसाला शंभर किलोंहून जास्त कचरा करणारे मोठे उत्पादक ठरले आणि २०१७ पासून मुंबई महापालिकेने अशा सोसायट्यांच्या मागे लागून ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं. बागेचा पाला या ढिगात भर घालतो. पीटीओवर चालणारा श्रेडर फांद्यांचा बारीक भुगा करतो. झावळ्यांच्या बाबतीत मात्र सावध राहावं. त्यांचे चिवट धागे फिरत्या भागांना गुंडाळतात, म्हणून श्रेडर घेताना विक्रेत्यासमोर झावळीच घालून दाखवायला सांगावी.

पीटीओ मिनिटाला ५४० फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला नऊ. साडीचा पदर, ओढणी, पावसाळी कोटाचा बंद शाफ्टमध्ये अडकला तर माणसाला ओरडायलाही वेळ मिळत नाही. शाफ्टवरचं प्लास्टिकचं आवरण काढून टाकलेले ट्रॅक्टर सर्रास दिसतात. ज्या आवारात मुलं खेळतात तिथे अशा ट्रॅक्टरला फाटकातून आत घेऊच नये.

अवजार ट्रॅक्टरला जोडण्याची आजची पद्धत हॅरी फर्ग्युसन या आयरिश माणसाची. त्याच्या काळी नांगर साखळीने किंवा दांड्याने मागे बांधत. फाळ दगडात अडकला, की चाकं फिरत राहत, पुढचा भाग वर उचलला जाई आणि ट्रॅक्टर मागे उलटून चालकावर पडे. फर्ग्युसनने तीन दांड्यांची जोडणी केली, तिला हायड्रॉलिक उचल दिली आणि अडकलेला नांगर पुढचा भाग उचलण्याऐवजी जमिनीवर दाबून धरेल अशी रचना साधली. १९३९ च्या फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरने ती जगभर नेली. आज आपण ज्याला सहज ‘थ्री-पॉइंट’ म्हणतो ते हेच. पण आवारात अजूनही फर्ग्युसनच्या आधीची चूक होते. पडलेलं झाड ओढायचं असतं, दोर वरच्या दांड्याला म्हणजे टॉपलिंकला किंवा मागच्या ॲक्सलला बांधला जातो आणि ट्रॅक्टर घोड्यासारखा मागच्या पायांवर उभा राहतो. दोर नेहमी खालच्या ड्रॉबारलाच बांधायचा, ही सूचना चालकाच्या आसनासमोर मराठीत रंगवून ठेवायला हरकत नाही.

उलटण्याचा विषय निघालाच आहे तर चालकामागच्या पोलादी कमानीबद्दल बोलायला हवं. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरांवर अशी कमान सक्तीची केली आणि ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू पुढच्या काही दशकांत जवळपास संपले. आपल्याकडे छोट्या ट्रॅक्टरला ती मागून घ्यावी लागते. जादा पैसे देऊन घ्या. कमान उभी असताना आसनाचा पट्टा बांधायचा. झाडाखाली जाण्यासाठी ती दुमडली असेल, तर पट्टा सोडायचा. हा अर्धा नियम विसरणारे खूप आहेत.

उपनगराला चढ फार. आरे, पवई, मुलुंडचा डोंगराकडचा भाग, घाटकोपरच्या टेकड्या. ट्रॅक्टरला डावं आणि उजवं मागचं चाक थांबवणारे दोन वेगळे ब्रेक असतात. शेतात एकच ब्रेक दाबून जागच्या जागी वळता येतं, हा त्याचा उपयोग. रस्त्यावर आणि उतारावर मात्र ही दोन पेडलं कडीने एकत्र अडकवलीच पाहिजेत. एकावरच पाय पडला, तर ट्रॅक्टर आडवा होतो आणि मागची गाळाने भरलेली ट्रॉली त्याला ढकलत नेते. उतार सुरू होण्याआधी खालचा गिअर टाकायचा आणि मध्येच क्लच दाबायचा नाही. फोर व्हील ड्राइव्हचा खरा फायदा इथे आहे. पावसात शेवाळलेल्या चढावर चारही चाकांनी धरलेला ट्रॅक्टर वर जातो आणि उतरताना इंजिनचा अटकाव पुढच्या चाकांपर्यंतही पोहोचतो. सपाट मैदानासाठी त्याचे जादा पैसे मोजायची गरज नाही, पण आपल्याकडे सपाट मैदान कितींच्या वाट्याला येतं?

आता मुंबईचं खास दुखणं. बोरिवली, मुलुंड, अंधेरीतल्या नव्या इमारतींच्या बागा जमिनीवर नसतात, पार्किंगच्या छतावर असतात. माती भरलेल्या त्या पोडियमखाली गाड्या उभ्या आहेत. छोटा ट्रॅक्टर सातशे-आठशे किलोंपासून टनाच्या आसपास भरतो. पाण्याचा टँकर किंवा ओल्या गाळाची ट्रॉली मागे लावली, तर भार दोन-तीन टनांवर जातो आणि तो चार-सहा चाकांच्या लहानशा ठशांवर येतो. स्लॅबचा जो पट्टा अग्निशमन दलाच्या बंबासाठी मोकळा सोडलेला असतो, तो जड वाहनाचा भार घ्यायला बांधलेला असतो. बाकीच्या स्लॅबचं गृहीत धरू नये. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा कागद हातात आल्याशिवाय पोडियमवर ट्रॅक्टर नेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जुन्या आवारांत हाच प्रश्न चेंबरच्या झाकणांचा. गवतात लपलेली झाकणं, नळाची टोकं, खांबाला ताण देणाऱ्या तारा यांच्यावर स्लॅशर गेला, तर लोखंडाचा तुकडा गोळीसारखा उडतो. कापणीच्या आदल्या दिवशी माणसाने काठी घेऊन सगळं गवत पालथं घालावं आणि अडथळ्यांवर चुन्याने खूण करावी. सापांना निघून जायला तेवढाच वेळ मिळतो आणि टिटवीचं घरटं असेल तर तेही दिसतं.

फाटक मोजा. ट्रॅक्टरचं नव्हे, ट्रॉलीचं आणि स्लॅशरचं माप धरा. त्यांच्यात जे रुंद असेल तेच अडतं. टायरांकडेही बघा. शेतीच्या टायरांचे उंच, तिरके दाते चिखलात उत्तम धरतात आणि हिरवळ उपटून काढतात. गोल्फ क्लबात किंवा क्रिकेटच्या मैदानावर रुंद, बुटक्या दात्यांचे टर्फ टायर लागतात, पण तेच टायर ओल्या मुरमाच्या चढावर घसरतात. दोन्ही गुण एका टायरात मिळत नाहीत. मग आवाराचा मोठा भाग कसा आहे ते पाहून निवड करायची आणि जोरदार पावसानंतर दोन दिवस हिरवळीवर जायचंच नाही.

परदेशातला सल्ला इथे तपासून घ्यावा लागतो. महिंद्राने १९९४ मध्ये अमेरिकेत टेक्ससला बस्तान बसवलं, तेव्हा तिथल्या गिऱ्हाइकांत काही एकरांच्या घरवाल्यांची संख्या मोठी होती. त्यांना बर्फ लोटायचा असतो, खडीचा लांबलचक रस्ता सारखा करायचा असतो, गवताचे भारे उचलायचे असतात. म्हणून तिथे पुढे लोडर बसवलेला ट्रॅक्टर जवळजवळ ठरलेला. आपल्याकडे तो पाहून मोह होतो. लोडरची भरलेली बादली वर उचलली, की छोट्या ट्रॅक्टरचा तोल पुढे आणि वर सरकतो. मागे पुरेसं वजन नसेल आणि जमीन तिरकी असेल तर तो कलंडतो. वर्षातून आठ दिवस गाळ उचलायचा असेल तर जेसीबी भाड्याने आणलेला बरा.

आवाजाचं काय? निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्रीची ४५. शाळा-रुग्णालयांभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र. कोणताही डिझेल ट्रॅक्टर जवळून याच्या वरच बोलतो, पण एका सिलिंडरच्या इंजिनाचा ठोका तीन सिलिंडरच्या इंजिनापेक्षा कानाला आणि खिडकीच्या काचेला जास्त जाणवतो. महिंद्रा युवराज २१५ किंवा स्वराज ७१७ हे पंधरा हॉर्सपॉवरचे ट्रॅक्टर स्वस्त, काटक आणि कुठेही दुरुस्त होणारे आहेत, पण एका सिलिंडरचे. ट्रॉली आणि टँकर एवढंच काम असेल आणि इमारती दूर असतील तर मी यांच्याकडेच बघेन. व्हीएसटीचा साडेअठरा हॉर्सपॉवरचा एमटी १८०डी मित्सुबिशीच्या घराण्यातला, तीन सिलिंडरचा. चार फुटी स्लॅशर आणि चढ असेल तर निवड २४ च्या आसपास येते. महिंद्राचा जिवो २४५ आणि कुबोटाचा निओस्टार बी२४४१ हे दोन्ही फोर व्हील ड्राइव्ह आणि दोघांची उचल ७५० किलो. १५ ऑगस्ट २०२३ रोजी महिंद्राने केपटाउनमध्ये ओजा ही मालिका दाखवली. तिची घडण जपानी भागीदाराबरोबर झाली, ती तेलंगणात झहिराबादला बनते आणि २० ते ४० हॉर्सपॉवरमधलं हलकं फोर बाय फोर हवं असणाऱ्यांनी ती पाहावी. जॉन डियरचा ३०२८ ईएन हा अठ्ठावीस हॉर्सपॉवरचा अरुंद ट्रॅक्टर फळबागांसाठी बनलेला आहे. झाडांच्या दोन ओळींमधून जाणारं यंत्र आवाराच्या पायवाटेवरूनही जातं. विजेवरचा ट्रॅक्टर सोनालिकाने डिसेंबर २०२० मध्येच बाजारात आणला. शाळेच्या आवाराला तो शोभून दिसेल, फक्त जवळ दुरुस्ती करणारा कोण आहे ते आधी विचारा.

जाहिरातीतल्या आकड्यांवर थांबू नका. मध्य प्रदेशात बुधनी इथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था १९५५ पासून आहे. तिच्या अहवालात पीटीओवर प्रत्यक्ष मिळालेली ताकद, तासाला लागलेलं डिझेल, लिंकेजची उचल, वळणाची त्रिज्या, चालकाच्या कानाशी येणारा आवाज हे सगळं मोजून छापलेलं असतं. विक्रेत्याकडे हा अहवाल मागितला, की बोलण्याचा सूर बदलतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. शेतकऱ्याला मिळणारं अनुदान आणि सवलती सातबाऱ्यावर चालतात, त्या सोसायटीला किंवा शाळेला लागू नाहीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला, तो लाभ मात्र सगळ्यांना. आवाराबाहेर रस्त्यावर एकदाही न्यायचा असेल तर नोंदणी आणि विमा हवाच. पत्त्याप्रमाणे एमएच-०२, ०३ किंवा ४७ यांपैकी जे आरटीओ असेल तिथे वापर नेमका काय आहे ते खरं सांगून नोंदणी करावी. शेतीच्या नावावर नोंदवलेला ट्रॅक्टर अपघातानंतर विमा कंपनीला सोसायटीच्या कामावर सापडला, तर भांडण लांबतं. चालकाला हलक्या मोटार वाहनाचा परवाना पुरतो.

ट्रॅक्टरची सर्व्हिस किलोमीटरवर ठरत नाही, तासांवर ठरते. स्टिअरिंगजवळचा तासमापक तीच नोंद ठेवतो. आवारातल्या ट्रॅक्टरचे तास सावकाश भरतात, म्हणून तेल बदलायचं राहून जातं. पावसाळ्यात बॅटरी उतरते, डिझेलच्या टाकीत दमट हवेचं पाणी साचतं आणि उंदीर वायरी कुरतडतात. छप्पर आणि आठवड्याला पंधरा मिनिटं इंजिन चालवणं एवढ्यावर बरंचसं टळतं. जुहू-वर्सोव्याच्या किनाऱ्याजवळच्या आवारांनी खारी हवाही धरावी आणि कापणीनंतर स्लॅशरची छत्री आतून धुऊन वंगण लावावं.

खरेदीआधीची चाचणी शोरूममध्ये घेऊ नका. विक्रेत्याला ट्रॅक्टर स्लॅशरसकट आवारात आणायला सांगा, तोही पावसाळा संपता संपता, जमीन अजून ओली असताना. आपली ट्रॉली आपल्याच गाळाने भरून आपल्या सर्वात वाईट चढावर न्या, मध्यावर थांबवा आणि पुन्हा सुरू करा. त्या वेळी आसनावर कंपनीचा तरबेज माणूस नको. उद्यापासून जो हे चालवणार आहे, तो माळी किंवा वॉचमनच बसवा. त्याचा पाय क्लच पूर्ण दाबतो का, मान वळवल्यावर त्याला स्लॅशरचं टोक दिसतं का, कमान दुमडायला त्याला कुणाला हाक मारावी लागते का, हे त्यालाच विचारा. तो नाही म्हणाला तर दुसरा ट्रॅक्टर मागवा.